चढता हात

शरणप्पाच्या दुकानात भांडं आधी ऐकू यायचं आणि मग हातात पडायचं. गिऱ्हाइकानं तांब्या मागितला की तो फळीवरून तांब्या काढी, बोटाच्या पेरानं काठावर टिचकी मारी, मान जराशी तिरकी करी आणि आवाज पुरता विरेपर्यंत थांबे. भांड्याला चीर नाही हे दाखवायची ही वडिलांपासूनची रीत. पण वडील एक टिचकी मारून भांडं पुढं करायचे. शरणप्पा कधी कधी दुसरी मारी, मग तिसरी. नेमकं हेच त्याच्या बायकोच्या, गौरम्माच्या डोळ्यांत खुपे. आतल्या खोलीतून ती म्हणायची, "आवो, इकायचाय का तांब्या? का लगीन लावायलाव त्याचं?"

लातूरच्या गंजगोलाई बाजारात, भांड्यांच्या ओळीत त्याचं दुकान होतं आणि दुकानामागंच घर. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. नव्या पाट्या लागल्या होत्या, नवीन ऑफिसं आली होती, बाहेरगावचे साहेब लोक खोल्या शोधत हिंडत होते. पाऊस मात्र लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता. पितळ कुणी घेईना. लोकांना घागरी हव्या होत्या, त्याही प्लास्टिकच्या, आणि टिपाडं हवी होती. डांबराची किंवा तेलाची रिकामी लोखंडी पिंपं शरणप्पा आणायचा, धुवायचा, लाकडी मोगरीनं त्यांचे पोचे काढायचा आणि विकायचा. टँकर आला की ज्याच्या घरी टिपाड असेल त्याची सोय व्हायची. वर्षभर त्याच्या अंगणात टिपाडं आडवी पडलेली असत.

दर सोमवारी संध्याकाळी तो मठात शिवभजनाला मृदंग घेऊन बसे. हेही वडिलांकडूनच आलेलं. दुकान वारशानं, मृदंग वारशानं, शर्टाच्या आतलं गळ्यातलं लिंगसुद्धा लहानपणी कुणीतरी बांधलेलं. या कशाबद्दलही त्याची तक्रार नव्हती. तो सरळ, कमी बोलणारा, चाळिशीकडं निघालेला माणूस होता. दुसऱ्याचा मान राखणारा. स्वतःला काही हवं आहे असं त्याला वाटलं तरी ते उच्चारायला त्याला बराच वेळ लागे.

वरच्या मजल्यावरची खोली त्यानं रेणुकादासला दिली होती. रेणुकादास नांदेडचा. जिल्ह्याच्या नव्या ऑफिसात कारकून म्हणून लागलेला, चोवीस-पंचवीसचा, बारीक मिशीचा तरुण. सामानात एक वळकटी, एक ट्रंक आणि एक गिटार. गिटार हैदराबादेत जुन्या बाजारात घेतलेली. तिला जोडायचा आवाजाचा डबा त्याच्या मित्रानं घरी बनवून दिला होता. हा मित्र बापूसाहेब, नांदेडजवळ विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा. त्या डब्यातून गिटार अशी काही खरखरून बाहेर यायची की पहिल्या दिवशी गौरम्मा पदर खोचून जिन्याखाली आली होती. "वर काय फाटायलंय बघा की हो!"

एका रविवारी दुपारी दुकान बंद होतं. शरणप्पा अंगणात टिपाडाचे पोचे काढत होता आणि वर रेणुकादास तेच तेच चार-पाच सूर पुन्हा पुन्हा वाजवत होता. मोगरी पडता पडता कधी सुरांच्या पावलात पाऊल टाकू लागली, ते शरणप्पाला कळलं नाही. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली.

"मालक, थांबू नका!"

"अरे, पोचे काढायलो मी."

"तेच काढत राहा! तेच पाहिजे मला!"

बँडची सुरुवात ही अशी. रेणुकादासच्या तोंडी 'रॉक' हा शब्द होता. शरणप्पानं तो ऐकून घेतला आणि पुन्हा कधी उच्चारला नाही. तो म्हणायचा, "आपलं ते रविवारचं."

आणखी दोघं आपोआप आली. एक शरणप्पाचा आतेभाऊ ईश्वरप्पा, लातूर-नांदेड गाडीवरचा कंडक्टर. "अहमदपूऽऽर, लोहाऽऽ, नांदेऽऽड!" अशी त्याची हाक स्टँडच्या या टोकाची त्या टोकाला जायची. दुसरी उमादेवी, मागच्या गल्लीत राहणारी, मुलींच्या शाळेतली गाण्याची बाई. मूळची उदगीरची. बायकांच्या भजनात पेटी वाजवायची, गॅदरिंगला गाणी रचून द्यायची. तिला सगळे उमाबाई म्हणत. आली ती भांडायला. मुली अभ्यास सोडून तुमच्या भिंतीला कान लावतात, म्हणाली. अर्धा तास ऐकत उभी राहिली, मग म्हणाली, "शब्द कुठायत याला? नुसतं किती वेळ ठोकून घेणार?"

शब्द तिनंच आणले. तेव्हा सार्वजनिक नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. बायका घागरी रांगेत लावून भिंतीच्या सावलीत बसून राहायच्या. उमाबाईला तिथं गंमत सुचली. देवाला उठवायला भूपाळी म्हणतात, तशी नळालाच का म्हणू नये?

बोर्ड आला, ऑफिस आलं, साहेब आला गं,
रांगेमधी घागर माझी, नळ का झोपला गं?
ऊठ नळा, ऊठ आता, दिवस आला वर,
शेजारणीचं लेकरू रडतंय, घोट तरी एक भर.

रेणुकादासनं ते दोनदा वाचलं. "साहेब आला, हे ठेवायचंच का? आमचे साहेब ऐकतील."

"तुझे साहेब ऐकतेत?" ईश्वरप्पा म्हणाला. "मग पाण्याचं गाऱ्हाणं का ऐकत न्हाईत?"

साहेब राहिले. पुढं मात्र प्रत्येक ओळीवर खणाखणी झाली. उमाबाईची चाल गोड होती. रेणुकादास म्हणाला, हिला झोप येते, नळ आणखी गाढ झोपेल. त्यानं चाल तोडली, ओळीच्या सुरुवातीला गिटारचा एक जाडजूड धक्का दिला. ईश्वरप्पाला त्या धक्क्यानंतर श्वास पुरेना, म्हणून दुसऱ्या कडव्यातले दोन शब्द गेले. "दोन शब्द न्हाईत ते, माझं लेकरू गेलं," उमाबाई म्हणाली, आणि स्वतःच्याच हातानं ते खोडले. शरणप्पा या वादात पडत नसे. एकदा तो हळूच म्हणाला, "'ऊठ' म्हणल्यावर जरा थांबायला पाहिजे. हाक मारली की माणूस थांबतोय की, ओ येती का बघायला." मग 'ऊठ'नंतर सगळे गप्प राहायचे आणि दोरीला टांगलेली पितळी परात शरणप्पा एकदाच वाजवायचा. तिचा नाद विरत आला की पुढची ओळ. रेणुकादासनं खांद्यावरची गिटार खाली घेतली. "मालक, हे गाणं आत्ता गाणं झालं."

त्या दिवशी शरणप्पा जेवताना स्वतःशीच हसला. गौरम्मानं पाहिलं, पण विचारलं नाही. वडिलांनी दिलेलं नाही, कुणी शिकवलेलं नाही, असं काही आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातून झालं होतं.

शेवटी नुसती 'ऊठ, ऊठ' अशी हाक होती. ईश्वरप्पा ती मारत सुटायचा, पेटी, गिटार आणि टिपाड त्याच्या मागं. अंगणात गाताना तिथं सगळ्यांच्याच अंगावर काटा यायचा.

गाणं बसल्यावर ते टेप करायचं ठरलं. विष्णुपुरीला बापूसाहेबानं आणि त्याच्या दोस्तांनी भाड्याच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकून गाणं भरायची व्यवस्था केली होती. दोन-तीन माइक, स्वतः जोडलेलं एक यंत्र, एक चांगला टेपरेकॉर्डर. त्याआधी आपलं आपण ऐकावं म्हणून रेणुकादासनं अंगणातच साध्या टेपवर गाणं भरलं. मग सगळे गोल बसले.

रेणुकादास ऐकता ऐकता पायानं ठेका धरून होता. पहिलं कडवं संपलं तेव्हा पाय आणि गाणं बरोबर होतं. दुसऱ्याला गाणं पायाच्या जरा पुढं गेलं. त्यानं पाय तसाच सरळ चालू ठेवला. शेवटाला तर पाय चालत होता आणि गाणं पळत होतं.

"मालक," तो म्हणाला, "वेग वाढतोय."

"कुणाचा?"

"तुमचा."

"मी तर सरळ वाजवलो." शरणप्पाला खरंच तसं वाटत होतं. "शेल उतरले असतील टेपचे. शेल उतरले की असंच होतंय."

नवे शेल आणले, पुन्हा सगळं भरलं. पुन्हा तेच. आता शरणप्पालाही ऐकू आलं. त्याचा चेहरा भांड्यात चीर सापडल्यासारखा झाला.

उमाबाईच्या लक्षात कारण आलं. "शिवभजनातला हात हाय तो. तिथं सुरुवात हळू, मग दुप्पट, मग गजर. मठात चढला न्हाई हात तर भजन झालं असं कुणी म्हणत न्हाई."

"मठात ठीक आहे," रेणुकादास म्हणाला. "रॉकला चालत नाही. तिथं ढोलवाल्यावर सगळा भार असतो. तोच हलला तर वरचं सगळं हलतं." मग तो बराच वेळ गिटारच्या पट्ट्याशी खेळत राहिला. "बापूसाहेब ड्रम वाजवतो. घड्याळासारखा. टेप करताना... तेवढ्यापुरतं... त्याला बसवायचं का?"

शरणप्पानं हातातली मोगरी टिपाडावर ठेवली.

"बरं हाय की," शरणप्पा म्हणाला. "गाणं चांगलं व्हायला पाहिजे." आणि उठून त्यानं परातीची दोरी सोडली, परात पुसली आणि फळीवर नेऊन ठेवली.

गौरम्मानं मागाहून विचारलं, "मग तुम्ही काय करणार तिथं?"

"ऐकणार."

"इथून ऐकू येत न्हाई का? नांदेडला जायला पाहिजे ऐकायला?"

ते गाणं एकदा टेपमध्ये गेलं की तसंच राहणार होतं. त्यात आपला हात असावा एवढंच त्याला हवं होतं, आणि हे तो गौरम्मालाही सांगू शकला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीला पाठ लावून बसू लागला. गिरणीचं इंजिन पुक-पुक-पुक चाले, ना कमी ना जास्त. मांडीवर उलटी बादली घेऊन शरणप्पा त्या पुक-पुकवर हात धरी. हात सुटायचा. आपला हात पुढं निघाला की इंजिन मागून टोकायचं. लोक दळण घेऊन येत, बघत, हसत. "गिरणीवाल्यानं नोकरीला ठेवला का तुम्हाला?" गौरम्मा म्हणायची, पण चहा तिथंच आणून द्यायची. हळूहळू हात इंजिनाला बांधला गेला.

मग सोमवार आला. मठात म्हातारे सिद्रामप्पा वीणा घेऊन उभे होते. तीस-चाळीस वर्षं तिथलं भजन तेच म्हणत आले होते. पहिला अभंग नीट गेला. दुसरा निम्म्यावर आला, टाळकरी हात उचलून वाट बघू लागले. मृदंग चढेना. सिद्रामप्पांनी ओळ पुन्हा घेतली, पुन्हा घेतली. शरणप्पाचा हात गिरणीसारखा चालला होता. टाळ मंदावले, मागच्या ओळीतल्या बायका कुजबुजू लागल्या, आणि भजन कसंबसं संपलं.

"हात धरला का कुणी तुझा?" सिद्रामप्पांनी विचारलं.

शरणप्पानं सगळं सांगितलं. म्हातारा रागावला नाही. वीणेची तार उगीच एकदा छेडून म्हणाला, "दोन्ही येत असंल तर दोन्ही वाजव. पण कुठं बसलायस ते ध्यानात ठेव बाबा. इथं लोक चढायला येतेत."

घरी येताना शरणप्पा अंधारात हातानं मांडीवर वाजवत आला. सरळ, आणि चढता. सरळ, आणि चढता. इतकी वर्षं हात आपोआप चढत होता. आता तो नेमका कुठं चढतो ते त्याला पहिल्यांदाच कळू लागलं होतं.

विष्णुपुरीला जायच्या रविवारी पहाटेच्या गाडीला ईश्वरप्पाची ड्यूटी नव्हती, पण ड्रायव्हर त्याचा दोस्त होता. स्टँडवर शरणप्पा पोचला तर गाडीच्या टपावर त्याचं टिपाड बांधलेलं.

"हे कशाला?"

"असू दे. टपाला काही भाडं पडत न्हाई."

"मला वाजवायचं न्हाई ईश्वऱ्या."

"मग टिपाड फिरून येईल. तेही कधी गेलं न्हाई नांदेडला."

अहमदपूरला एक शेतकरी चढला. चढता चढता टपाकडं बघत म्हणाला, "नांदेडहून पाणी आणायलाव का मालक?"

"हाव," ईश्वरप्पा म्हणाला, "येताना डोहात बुडवून आणतो."

"मग मलाबी एक घागर." सगळी गाडी हसली. उमाबाईसुद्धा पेटीवर डोकं टेकून हसली. शरणप्पा हसला, पण उशिरा.

बापूसाहेब उंच, नीटनेटका मुलगा होता. खोलीत गोधड्यांचा आणि सोल्डरिंगचा वास होता. त्याचा ड्रमसेट चकचकीत. शरणप्पानं हात न लावता चारी बाजूंनी तो बघितला. खिडकीबाहेर, धरणाचं काम चाललं होतं त्याच्या अलीकडं, गोदावरीचा हिरवा डोह दिसत होता. उमाबाई तिथंच उभी राहून बघत होती. "असं साठलेलं पाणी बघितलं की उगीच बरं वाटतंय," ती म्हणाली.

गाणं सगळ्यांनी मिळून एका दमात वाजवायचं होतं. चुकलं तर पहिल्यापासून. शरणप्पा कोपऱ्यात गोधडीवर बसला. बापूसाहेबानं काड्या एकमेकींवर आपटून मोजलं आणि गाणं सुरू झालं.

शरणप्पा आपलं गाणं पहिल्यांदाच बाहेरून ऐकत होता. आणि त्याला कबूल करावं लागलं की ते चांगलं होतं. पहिली दोन्ही कडवी ताठ उभी होती. रेणुकादासचा धक्का नेमका जागेवर पडत होता, ईश्वरप्पाचे शब्द स्पष्ट लागत होते. अंगणात आपण या गाण्याला सारखं ढकलत होतो, हे त्याला आता दिसलं. परातीच्या जागी झांज वाजली तेव्हा त्याचं बोट तेवढं हललं.

मग शेवटची हाक आली. "ऊठ! ऊठ!" ईश्वरप्पा ओरडत होता. ड्रम सरळ चालला होता, गिटार सरळ. हाक एकदा झाली, दोनदा झाली, आणि मग ती नुसतीच होत राहिली. शेवटी ईश्वरप्पा मध्येच थांबला.

"काय झालं? बरोबर चाललं होतं," बापूसाहेब म्हणाला.

"बरोबरच हाय. पण मला इथं धाप लागायला पाहिजे, ती लागंना."

पुन्हा घेतलं. पुन्हा तिथंच बसलं. तिसऱ्यांदा ईश्वरप्पानं जास्त जोरात ओरडून बघितलं. टेप ऐकली तर तो भांडत असल्यासारखा वाटत होता.

उमाबाईनं पेटीचा भाता बंद केला. "ती भूपाळी हाय. झोपलेल्या माणसाला एकाच लयीत किती वेळ हाक मारणार? आधी हळू, मग जोरात, मग अंगावरची चादरच ओढायची."

"काकू, पण गाण्याला एक वेग असतो," बापूसाहेब म्हणाला.

"तुझी आई तुला एकाच वेगानं उठवती का?"

"मला गजराचं घड्याळ उठवतं."

"मग घड्याळालाच गायला लाव. हे नळाला उठवायचंय."

बापूसाहेब हसला, पण काड्या त्यानं खाली ठेवल्या. "वाढवायचा म्हणता तर वाढवतो. पण किती? कुठून? मोजून सांगा."

ते कुणालाच सांगता येईना. सगळ्यांनी रेणुकादासकडं बघितलं. रेणुकादास गिटारच्या खुंट्या पिळत होता. त्या आधीच पिळलेल्या होत्या. मग त्यानं मान वर केली.

"मालक, शेवटचं तुम्ही घ्याल?"

शरणप्पाला हेच हवं होतं, पण ते सोपं नव्हतं. पहिली दोन कडवी हात मांडीवर ठेवून बसायचं, दुसऱ्यानं ठरवलेल्या लयीत नेमकं शिरायचं आणि मग तिथून वर न्यायचं. शिरताना जरा जरी हिसका बसला तर सगळ्यांची मेहनत वाया. "न्हाई जमलं तर?" तो म्हणाला.

"तर पुन्हा घेऊ," बापूसाहेब म्हणाला. "फीत माझीच आहे." आणि तो स्वतःच खाली जाऊन दाराशी ठेवलेलं टिपाड आणि मोगरी घेऊन आला. परात कुणीच आणली नव्हती. खालच्या मेसमधून एक आणली. शरणप्पानं तिला टिचकी मारली, मान तिरकी केली, नाही म्हणाला. दुसरी आणली. ती चालली.

गाणं सुरू झालं. शरणप्पा बापूसाहेबाच्या पायाकडं बघत बसला, श्वाससुद्धा त्या पायावर घेत. दुसरं कडवं संपलं, 'ऊठ' झालं, सगळे थांबले. परात वाजली. तिचा नाद विरायच्या आत मोगरी टिपाडावर पडली, अगदी त्याच लयीत, कुठं सांधा दिसू नये अशी. बापूसाहेबानं काड्या उचलून घेतल्या.

मग हात चढला. ईश्वरप्पाची हाक त्याच्याबरोबर उठली. उमाबाईची पेटी मागं लागली. शरणप्पाचे डोळे मिटले होते. मठात मिटत तसे. हात दुप्पट झाला आणि त्याच वेळी त्याच्या कानाला लागलं की काहीतरी कमी आहे.

त्यानं डोळे उघडले. रेणुकादासची बोटं तारांवर अडखळत होती. त्याला एवढ्या वेगात तो धक्का देता येत नव्हता. दोन सूर पकडायचा, तिसरा सुटायचा, मग नुसताच हात तारांवरून जायचा. तो लाल झाला होता. पण थांबला नाही. एकाच तारेवर एकच सूर धरून तो शेवटपर्यंत ओढत आला.

गाणं संपलं. टेप ऐकली. बापूसाहेब उभा राहिला. "हेच! काका, हेच ठेवू या. अंगावर आलं हो!"

ईश्वरप्पा घाम पुसत म्हणाला, "लागली बाबा धाप."

उमाबाई शरणप्पाकडं बघून हसली. शरणप्पा मात्र रेणुकादासकडं बघत होता. रेणुकादास गिटार मांडीवर आडवी घेऊन बसला होता. "छान झालं," तो म्हणाला. "ठेवा. शेवटी माझं एवढं ऐकू येत नाही."

हे 'छान झालं' शरणप्पाला ओळखीचं होतं. अंगणात त्यानं 'बरं हाय की' म्हटलं होतं, ते याच आवाजात.

"पुन्हा घेऊ," शरणप्पा म्हणाला.

"आता कशाला?" ईश्वरप्पा ओरडला. "इतकं जमलंय, मोडू नको!"

"एकदा घेऊ. माझं नीट झालं न्हाई."

कुठं नीट झालं नाही असं बापूसाहेबानं विचारलं, पण शरणप्पानं परात सरळ केली आणि मोगरी हातात घेतली. पुन्हा काड्या वाजल्या, पुन्हा दोन कडवी, पुन्हा परात. या वेळी त्यानं डोळे मिटले नाहीत. तो रेणुकादासच्या उजव्या हाताकडं बघत होता. हात चढवला, जरासाच. रेणुकादासचा धक्का आला. आणखी जरासा. आला. बोटं ताणली गेली की शरणप्पा तिथंच दोन आवर्तनं फिरत राही, ती सैल झाली की वरची पायरी. रेणुकादासच्या ते ध्यानात आलं. त्यानं मान हलवली, शरणप्पानं चढवला. एका जागी दोघं इतके बरोबर आले की ईश्वरप्पाची हाक मध्येच हसण्यात फुटली आणि तशीच टेपमध्ये गेली. शेवटी मोगरी आणि गिटार एकदमच थांबली. परात कुणी वाजवली नाही.

पहिल्याइतकं ते अंगावर आलं नाही. बापूसाहेब प्रामाणिकपणे तसं म्हणालाही. दोन्हींतलं कुठलं ठेवायचं यावर चहाचे कप रिकामे होईपर्यंत वाद झाला. उमाबाईनं दुसरं म्हटलं, ईश्वरप्पानं पहिलं. मग आपल्या हसण्यासकट गाणं राहणार म्हणून तोही दुसऱ्याकडं आला. दुसरंच राहिलं.

संध्याकाळच्या गाडीत ईश्वरप्पा बसल्या बसल्या झोपला. उमाबाई खिडकीशी होती. टपावर टिपाड खडखडत होतं. लोहा गेल्यावर रेणुकादास शरणप्पाच्या शेजारी येऊन बसला.

"मालक, दुसऱ्या वेळी तुम्ही हात आवरून धरला होता."

"हाव."

"पहिलं जास्त चांगलं होतं. तुमचं तरी."

"असंल."

"मग माझ्यासाठी कशाला?"

बाहेर कापून नेलेली, करपलेली रानं मागं जात होती. "तुझ्यासाठी न्हाई रे," शरणप्पा म्हणाला. "गाण्यात तू हायेस. तुला खाली टाकून मी वर जाऊन काय करू?"

रेणुकादासनं मान खाली घातली. मग म्हणाला, "मी तुम्हाला टाकून निघालो होतो."

"तू सांगितलास म्हणून तर मला कळलं हात कुठं पळतोय ते," शरणप्पा म्हणाला. त्यानं पिशवीतून गौरम्मानं बांधून दिलेली भाकरी काढली, ती मोडून निम्मी रेणुकादासला दिली, आणि दोघं खात खात अहमदपूरपर्यंत आले.